इंजिनाचा उच्छ्वास : क्रँककेसमधील वायुविजन

मांजरसुंब्याचा घाट चढताना किंवा माजलगाव परिसरात उसाची ट्रॉली ओढताना इंजिनावर मोठा भार येतो. अशा वेळी सिलिंडरमधील जळक्या वायूंचा काही अंश पिस्टनच्या रिंगांमधून निसटून खाली क्रँककेसमध्ये उतरतो. यालाच ‘ब्लो-बाय’ म्हणतात. नव्या इंजिनातही तो थोडा असतो. रिंगा झिजल्या की वाढतो.

या वायूंत न जळालेले इंधन, पाण्याची वाफ व आम्लधर्मी घटक असतात. ते कोंडून राहिल्यास ऑइलचा गाळ होतो आणि दाब वाढून ऑइल सीलमधून गळती सुरू होते. पूर्वी हे वायू ब्रीदरच्या नळीने थेट उघड्यावर सोडले जात. त्यामुळे होणारे प्रदूषण रोखण्यासाठी कॅलिफोर्नियात १९६१च्या मॉडेलपासून नव्या मोटारींना पीसीव्ही व्हॉल्व्ह बसू लागला. भारतीय उत्सर्जन मानकांनुसारही पेट्रोल मोटारींना हे वायू बाहेर सोडता येत नाहीत.

पेट्रोल इंजिनातील इनटेक मॅनिफोल्डची ओढ हे वायू व्हॉल्व्हवाटे खेचून पुन्हा ज्वलनासाठी नेते. त्यांची जागा एअर फिल्टरमधून आलेली स्वच्छ हवा घेते. इंजिन मंद गतीने चालताना ओढ तीव्र असते, म्हणून व्हॉल्व्हचा मार्ग अरुंद होतो. मध्यम भारावर ओढ कमी होते, तेव्हा स्प्रिंग तो मार्ग रुंद करते. पूर्ण भारावर ओढ जवळजवळ उरत नाही; मग जादा वायू स्वच्छ हवेच्या नळीतून उलट फिल्टरकडे जातात. बॅकफायर झाल्यास व्हॉल्व्ह बंद होऊन ज्वाळा क्रँककेसपर्यंत पोहोचू देत नाही.

डिझेल इंजिनात अशी तीव्र ओढ नसते. त्यामुळे अनेक आधुनिक इंजिनांत तेलाचे थेंब वेगळे करून वायू टर्बोच्या हवामार्गात सोडतात. जुन्या ट्रॅक्टरांना मात्र उघडा ब्रीदरच असतो.

बीडसारख्या कोरड्या जिल्ह्यात धुळीचा धोका मोठा. मोटारीची ब्रीदर नळी चिरली तर न गाळलेली हवा आत जाऊन रिंगा व सिलिंडर घासतात. ट्रॅक्टरचा ब्रीदर धूळ व तेलाच्या चिखलाने बुजला तर दाब कोंडतो.

डिपस्टिक वर उचलली जाणे, सीलमधून तेल झिरपणे, एअर फिल्टरमध्ये ऑइल सापडणे ही बिघाडाची लक्षणे होत. मात्र तेवढ्यावरून इंजिन उघडण्याची घाई करू नये. आधी नळी, ब्रीदर व व्हॉल्व्ह तपासावेत. ते स्वच्छ असूनही दाब कायम राहिला, तर रिंगांची झीज संभवते. त्यासाठी कॉम्प्रेशन तपासून घ्यावे. कित्येकदा बुजलेली नळी साफ केल्याने मोठा खर्च टळतो.