वाहने उभी करण्याचे नियम, रहिवासी वस्तीतील : वरणगाव

घरासमोर, गल्लीत किंवा कॉलनीच्या रस्त्यावर खासगी वाहन कुठे, किती वेळ आणि कोणाच्या परवानगीने उभे करता येते, हे ठरवणारे कायदे, उपविधी आणि रूढी. हा सगळा मजकूर एका पुस्तकात सापडत नाही. थोडा मोटार वाहन कायद्यात आहे, थोडा पोलीस कायद्यात, थोडा बांधकाम नियमावलीत, आणि उरलेला शेजाऱ्यांच्या तोंडी.

वरणगाव (ता. भुसावळ, जि. जळगाव) हे एकेकाळी मोठ्या ग्रामपंचायतीचे गाव, आता तेथे नगरपरिषद आहे. भुसावळ–मुक्ताईनगर दरम्यानच्या जुन्या सहा नंबर महामार्गाने (आताचा राष्ट्रीय महामार्ग ५३) गावाला बाजारपेठ दिली आणि आयुध निर्माणीने पगारदार वस्ती. त्यामुळे गाडी लावण्याचा प्रश्न येथे तीन वेगळ्या जमिनींवर उभा राहतो. गावठाणातील बोळ बैलगाडीच्या मापाचे, ओटे थेट रस्त्याला भिडलेले. बिनशेती (बोलीत ‘एनए’) प्लॉटांच्या कॉलन्यांत रस्ते आखीव असतात. आयुध निर्माणीची वसाहत निर्माणीच्या जमिनीवर. तिथल्या अंतर्गत रस्त्यांची शिस्त निर्माणी प्रशासन ठरवते, नगरपरिषद नव्हे.

घरासमोरची जागा आपली, ही सर्वांत पक्की समजूत. तिला कायद्याचा आधार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील ‘सार्वजनिक जागे’ची व्याख्या रस्त्याच्या मालकीकडे पाहत नाही, लोकांना जाण्यायेण्याचा हक्क आहे की नाही एवढेच पाहते. म्हणून ले-आउट पाडणाऱ्याने रस्ते अजून नगरपरिषदेकडे हस्तांतरित केले नसले, तरी कॉलनीचा रहदारीचा रस्ता सहसा सार्वजनिकच ठरतो. फाटकाबाहेर मांडलेल्या कुंड्या, चुना मारलेले दगड, साखळी बांधलेले लोखंडी खांब आणि घरमालकाने स्वतः रंगवलेली ‘नो पार्किंग’ची पाटी यांनी दुसऱ्याची गाडी कायद्याने थांबत नाही. उलट रस्त्यावर खांब रोवणे हेच अतिक्रमण. घरमालकाला जो खरा हक्क आहे तो याहून लहान, पण भक्कम आहे : त्याचे फाटक अडवता येत नाही. रस्त्यावरील वर्तनाच्या १९८९ च्या केंद्रीय नियमांत हे होते आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०१७ च्या विनियमांतही आहे. पदपथावर, वळणावर, चौकाच्या तोंडाशी, बसथांब्यापाशी, शाळा-दवाखान्याच्या दाराशी, किंवा उभ्या गाडीला समांतर दुसरी गाडी लावायची नाही, हेही त्यांतच येते. अरुंद बोळात समोरासमोर दोन चारचाकी लावल्या की ॲम्ब्युलन्स अडते. बहुतेक भांडणांची सुरुवात इथून होते.

अधिकारांची वाटणी विचित्र आहे, आणि खरा गुंता तिथेच. रस्ता नगरपरिषदेचा, पण उभ्या गाडीला दंड करण्याचा अधिकार पोलिसांचा. वाहने कुठे उभी राहावीत हे ठरवण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ ने राज्य शासनाला किंवा त्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्याला दिला आहे. स्थानिक संस्थेशी फक्त विचारविनिमय करायचा. रस्त्यांवरील वाहतुकीचे नियम करण्याचा अधिकार महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३३ खाली आयुक्तालय नसलेल्या जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांकडे असतो. म्हणजे गल्लीत एका बाजूला गाड्या लावू नयेत असा ठराव नगरपरिषदेच्या सभेत झाला, तरी अधिसूचना निघून फलक लागेपर्यंत तो ठरावच राहतो. पुण्यासारख्या शहरांतील सम-विषम तारखांचे ‘पी१-पी२’ फलक अशाच अधिसूचनेवर उभे असतात. छोट्या गावात अधिसूचनेपेक्षा फलक आधी लागतो, आणि फलकापेक्षा आधी नगरसेवकाला फोन जातो.

दंडाचे आकडे मात्र स्पष्ट आहेत. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीनुसार वाढलेले दर महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपये, पुन्हा केल्यास १,५०० रुपये. सार्वजनिक मार्गात अडथळा आणल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली (जुन्या दंड विधानातील कलम २८३) ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जुन्या कायद्यात तो २०० होता. मोटार वाहन कायद्याचे कलम १२७ सर्वांत कमी माहीत असलेले : सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ बेवारस वा बिनदेखरेख सोडलेले, किंवा मनाई असलेल्या ठिकाणी लावलेले वाहन गणवेशातील पोलीस अधिकारी उचलून नेण्यास सांगू शकतो, आणि खर्च मालकाच्या माथी. दहा तासांचा काटा काटेकोर लावला तर रात्री आठला लावून सकाळी सातला निघणारी गल्लीतली कुठलीही गाडी त्यात सापडेल. तसे कोणी करत नाही. कलमाचा उपयोग होतो तो टायर बसलेल्या, धूळ खात पडलेल्या मोटारींसाठी.

बांधकामाच्या बाजूने पाहिले तर डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मुंबई व काही अपवाद वगळता राज्यभर, नगरपरिषदांनाही, लागू आहे. सदनिकेच्या चटईक्षेत्रानुसार किती मोटारी व दुचाकींची जागा ठेवायची याचा तक्ता तिच्यात आहे, मोटारीला २.५ × ५ मीटर धरले जातात. अपार्टमेंटसाठी २०१० चा सर्वोच्च न्यायालयाचा नहालचंद लालूचंद निकाल महत्त्वाचा : इमारतीखालची स्टिल्ट पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही. पण वरणगावात अजून बंगल्यांची व रो-हाउसची चाल जास्त. तेथे नकाशात गाडीसाठी दाखवलेली पुढची सामासिक जागा पुढे पत्र्याच्या शेडखाली जाते, दुकान होते, आणि गाडी रस्त्यावर येते. वरणगावातल्या पार्किंगच्या तक्रारींचे मूळ रस्त्याच्या रुंदीत कमी आणि या शेडमध्ये जास्त आहे, असे मानायला जागा आहे.

रूढीचा भाग खानदेशी आहे. हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉली दाराशी लागते, तिला कोणी काही म्हणत नाही. लग्नाच्या मांडवासाठी अख्खी गल्ली बंद होते आणि गाड्या दोन गल्ल्या सोडून लागतात. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला की भांडण जागेचे राहत नाही, निंबाच्या सावलीचे होते. सावली बारा वाजेनंतर सरकते, तशी दुचाकीही. ‘भाऊ, गाडी जराशी सरकवा’ हे वाक्य कुठल्याही कलमापेक्षा जास्त कामी येते.

वाहन घेण्याआधी जागेचा पुरावा दाखवण्याची अट जपानने १९६२ च्या कायद्याने घातली. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, पुरेशी जागा नसताना एका कुटुंबाने चार-पाच गाड्या बाळगाव्यात का, असा प्रश्न केला होता. २०२५ मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी पार्किंगचा पुरावा नसल्यास नवी मोटार नोंदवली जाणार नाही, अशी घोषणा केली. असा नियम जळगावच्या ‘एमएच १९’ नोंदणीला लागला, तर वरणगावकराला आधी नकाशातली ती सामासिक जागा शेडमधून मोकळी करावी लागेल.