हयमारक

अमरकोशांत कण्हेरीच्या नांवांमध्यें 'हयमारक' असें एक नांव आहे; वैद्यकाच्या निघंटूंत तिलाच 'अश्वमारक' म्हटलें आहे. पूजेच्या परडींतील फुलाला घोड्याचा काळ म्हणावें, हें वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु कोशांतील नांवें हींहि इतिहासाचीं साधनें असतात, असें आम्हांस वाटतें.

नांव यथार्थ आहे. कण्हेरीच्या सर्वांगांत ओलिअँड्रिन नांवाचें विष असून तें हृदयाची गति बिघडवितें. ४०० किलो वजनाच्या घोड्यास तिचीं अवघीं २० ग्रॅम, म्हणजे दोन तोळ्यांहूनहि कमी, वाळलीं पानें प्राणघातक ठरूं शकतात. हिरवें पान कडू, म्हणून घोडा सहसा त्यास तोंड लावीत नाहीं. पण छाटलेला पाला वाळून वैरणींत मिसळला कीं, कडवटपणा कमी होतो आणि विष मात्र कायम राहतें. शिवाय घोड्यास ओकारी होत नाहीं. पोटांत गेलें तें तोंडावाटे परत येत नाहीं.

हा अनुभव आमच्याच देशाचा नव्हे. ख्रिस्तपूर्व ३२५ मध्यें शिकंदर मकरानच्या वाळवंटांतून परतला, तेव्हां लॉरेलसारख्या एका वनस्पतीचा पाला खाऊन त्याच्या सैन्याचीं ओझ्याचीं जनावरें तोंडास फेंस येऊन मेलीं, असें ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो. फ्रेंच भाषेंत कण्हेरीचें नांवच 'गुलाबी लॉरेल' अशा अर्थाचें आहे, हें येथें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

आतां आमच्या नागपुराकडे वळूं. भोसल्यांचें राज्य घोड्याच्या पाठीवर उभें राहिलें. १७४२ पासून पहिल्या रघूजींच्या फौजा बंगालवर धांवल्या आणि १७५१ च्या तहानें कटक प्रांत त्यांच्या हातीं आला. मराठी सैन्यांत बारगिरास घोडा सरकारांतून मिळे. शिलेदाराचा घोडा मात्र त्याच्या पदरचा असे. तो मेला म्हणजे चाकरी आणि घरची भाकरी दोन्ही बुडालीं. वाटेंत कापलेल्या वैरणीवर घोडीं जगवावयाचीं, तेथें कोणतें झुडूप टाळावें हें ज्ञान भाल्याइतकेंच मोलाचें होय.

१८५४ मध्यें तें राज्य खालसा झालें, पागाहि गेल्या. कण्हेर मात्र बागांच्या कुंपणांत आणि हमरस्त्यांच्या दुभाजकांवर आजहि उभी आहे. घोडा आमच्या दारांतून गेला, तसा तो शब्दहि स्मरणांतून गेला. पण हें विष केवळ घोड्यापुरतें नाहीं. गाय, बैल, शेळी यांनाहि तें मारक आहे. कुंपण छाटल्यावर तो पाला चरणाऱ्या जनावरांच्या वाटेवर टाकूं नये, एवढें तरी पूर्वजांच्या त्या एका शब्दापासून आपण शिकावें.