दात उपटण्याचं शतक

आमच्या सास्तूरमध्ये इतिहास म्हणजे १९९३चा भूकंप. हिरड्यांनाही इतिहास असतो, हे मला उशिरा कळलं. १९००मध्ये लंडनचे डॉक्टर विल्यम हंटर म्हणाले, तोंडातला पू अख्खं शरीर आजारी पाडतो. मग काय, पुढची काही दशकं संधिवातावर उपाय म्हणून धडधाकट दातही उपटले गेले! सिद्धांत बदनाम झाला. १९८९मध्ये फिनलंडच्या संशोधकांना हार्ट अटॅक आलेल्यांचे दात जास्त खराब आढळले, आणि विषय पुन्हा उघडला. हृदयाबाबत संबंध दिसतो, पण हिरड्याच कारण आहेत हे सिद्ध नाही. मधुमेहाचं मात्र दुहेरी आहे: सुजलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात राहत नाही, वाढलेली साखर हिरड्या पोखरते. माझी आजी मिश्री लावते, तिला शुगर आहे. तिच्या फायलीत डोळ्यांची तपासणी आहे, पायांची आहे. तोंडाची एकदाही नाही.