पदपथावरची सायकल आणि पोलीस

मंडळी, इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि तह, हा समज मुलांच्या डोक्यातून काढता काढता माझी सगळी नोकरी संपली. मी वर्गात नेहमी सांगायचो, इतिहास पायाखालच्या फरशीलाही असतो. आज अशाच एका फरशीविषयी लिहितो आहे. रस्त्याच्या कडेचा पदपथ, म्हणजे आपला फूटपाथ, त्यावर चढणारी सायकल आणि तिला अडवणारा पोलीस. विषय किरकोळ वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. यात एक जीव गेलेला आहे.

सुरुवात जर्मनीतून करू. कार्ल फॉन ड्राइस या गृहस्थाने जून १८१७ मध्ये मॅनहाइम गावाबाहेर आपले दुचाकी लाकडी यंत्र चालवून दाखवले. त्याला पायडल नव्हते, साखळी नव्हती. बसायचे आणि दोन्ही पायांनी जमीन मागे ढकलत पळायचे. गंमत अशी की घोडागाड्यांच्या चाकांनी रस्त्यांवर इतक्या खोल चाकोऱ्या पडलेल्या असत की या यंत्राचा तोल तिथे राहीना. मग स्वार सरळ चालणाऱ्यांच्या सपाट वाटेवर आले. लोकांना धक्के बसू लागले, तक्रारी झाल्या, आणि दोन-तीन वर्षांतच जर्मनीत, इंग्लंडमध्ये, अमेरिकेत आणि थेट आपल्या कलकत्त्यातही या यंत्रावर बंदी आली. तेव्हा खरीखुरी सायकल अजून जन्मायची होती. म्हणजे पदपथावरचे भांडण सायकलीपेक्षा वयाने मोठे आहे!

पुढचा प्रसंग १८४२ सालचा, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा. जून महिन्यात तिथल्या वर्तमानपत्रात बातमी आली की डम्फ्रीसशायरकडून असल्याच एका यंत्रावर बसून आलेला एक गृहस्थ गॉर्बल्स भागात पदपथावरून जात होता, बघ्यांची गर्दी झाली आणि एका लहान मुलाला धक्का लागून ते पडले. मुलाला फारसे लागले नाही. न्यायालयाने स्वाराला पाच शिलिंग दंड केला. पुढे कितीतरी वर्षांनी एका नातलगाने दावा केला की हा गृहस्थ म्हणजे कर्कपॅट्रिक मॅकमिलन नावाचा लोहार, पायडलवाल्या सायकलीचा आद्य जनक. बातमीत नाव नाही, त्यामुळे संशोधकांत अजून वाद आहे. मॅकमिलन असो वा नसो, सायकलीच्या इतिहासातला हा एक फार जुना पुरावा, आणि तो आपल्याला मिळतो दंडाच्या बातमीतून. इतिहासकाराला पोलिसांचे असे ऋण मानावे लागते.

इंग्लंडमध्ये (आणि वेल्समध्ये) आजही पदपथावर सायकल चालवणे गुन्हा आहे तो १८३५ च्या महामार्ग कायद्याच्या ७२ व्या कलमाने. या कलमात घोडा, गाढव, मेंढरे, खेचर, डुकरे, गुरे आणि कोणत्याही प्रकारची गाडी पदपथावर नेऊ नये असे म्हटले आहे. सायकल त्यात नाही, कारण ती नव्हतीच. मग ती या यादीत आली कशी? १८७९ मध्ये एका खटल्यात न्यायाधीशांनी ठरवले की सायकल हीसुद्धा 'गाडी'च, आणि १८८८ च्या कायद्याने त्यावर संसदेचे शिक्कामोर्तब झाले. त्याच कायद्याने सायकलला रात्री दिवा आणि पुढच्याला सावध करायला घंटा सक्तीची केली. ही घंटा आणि हा दिवा माझ्या पिढीच्या चांगल्या ओळखीचे आहेत. पुण्यात बिनदिव्याची सायकल आणि डबलसीट हे दोन मोठे गुन्हे, आणि कोपऱ्यावरचा हवालदार पावती तरी फाडायचा नाहीतर चाकातली हवा तरी सोडायचा! पण पदपथावर सायकल घातली म्हणून कुणाला पकडल्याचे मला आठवत नाही. रस्ताच सायकलींचा होता, मग पदपथावर चढेल कोण?

आता इथे खरा मुद्दा येतो. विसाव्या शतकात रस्ता मोटारींचा झाला. सायकलवाला एकदा कडेला गेला, मग कडेवरून पदपथावर चढला. इंग्लंडमध्ये ऑगस्ट १९९९ पासून पोलिसांना अशा स्वाराला जागेवरच ठराविक दंडाची नोटीस देण्याचा अधिकार मिळाला. (आज ती रक्कम ५० पौंड आहे.) मात्र त्याच वेळी गृहखात्याचे मंत्री पॉल बोटेंग यांनी लेखी खुलासा केला. वाहतुकीच्या भीतीने कधी पदपथावर येणाऱ्या आणि चालणाऱ्यांची कदर ठेवणाऱ्या जबाबदार सायकलस्वारासाठी हा दंड नाही, पोलिसांनी तारतम्य वापरावे, असा त्याचा आशय. जानेवारी २०१४ मध्ये दुसरे मंत्री रॉबर्ट गुडविल यांनी हीच भूमिका पुन्हा सांगितली. त्याच्या थोडे आधी, नोव्हेंबर २०१३ मध्ये, लंडनमध्ये दोन आठवड्यांत सहा सायकलस्वार रस्त्यावर मेले होते. त्यानंतर पोलिसांनी चौकाचौकांत माणसे उभी केली आणि मोटारवाल्यांबरोबर सायकलवाल्यांनाही पावत्या दिल्या. ज्या रस्त्याच्या भीतीने माणूस पदपथावर चढतो, तिथून त्याला खाली उतरवायचे ते पुन्हा त्याच रस्त्यावर. पोलिसाने तरी काय करावे?

जपानने उलटा मार्ग धरला होता. १९७० मध्ये तिथे रस्त्यांवर १६,७६५ माणसे मेली. त्याच वर्षी कायदा बदलून ठरावीक पदपथांवर सायकलींना परवानगी दिली गेली. तात्पुरता वाटणारा उपाय सवय बनला, आणि मग पायी चालणारे धास्तावले. शेवटी २०११ मध्ये पोलिसांना बजावून सांगावे लागले की सायकल हे वाहन आहे, तिची जागा रस्त्यावर. मे २०२४ मध्ये नवा कायदा मंजूर झाला. त्यानुसार १ एप्रिल २०२६ पासून सोळा वर्षांवरील सायकलस्वारांना जागेवर दंडाची पावती, आणि पदपथावर चालवल्यास रक्कम ६,००० येन. तरीही नुसते पदपथावर दिसले की फाडली पावती असे नाही, आधी समज द्यायची, असे पोलीसखात्याचे धोरण. शिवाय तेरा वर्षांखालील मुले आणि सत्तरी गाठलेले म्हातारे यांना पदपथावर सायकल चालवायची मुभा आहेच. म्हणजे मी तिकडे असतो तर माझी सायकल पदपथावर कायदेशीर ठरली असती!

आता तो जीव गेल्याचा प्रसंग. ऑक्टोबर २०२०, इंग्लंडमधले हंटिंग्डन गाव. सत्त्याहत्तर वर्षांच्या एक बाई पदपथावरून सायकलने येत होत्या. समोरून एक मध्यमवयीन बाई पायी येत होत्या. त्यांना जन्मापासून मेंदूच्या पक्षाघाताचा त्रास, नजरही अधू. त्या ओरडल्या, हातवारे केले. सायकलवरच्या आजी तोल जाऊन रस्त्यावर पडल्या, आणि येणाऱ्या मोटारीखाली सापडून गेल्या. पायी चालणाऱ्या बाईंवर मनुष्यवधाचा खटला झाला आणि मार्च २०२३ मध्ये तीन वर्षांची शिक्षा. मे २०२४ मध्ये अपील न्यायालयाने दोषनिश्चिती रद्द केली. त्या बाईंनी नेमके कोणते बेकायदा कृत्य केले, हेच सिद्ध झाले नव्हते. आणि सगळ्यात विषण्ण करणारी गोष्ट सांगतो. तो पदपथ सायकलींना खुला होता की नव्हता, हे तिथल्या प्रशासनालाही खात्रीने सांगता आले नाही. १८३५ पासून कायदा आहे, दंड आहे, मंत्र्यांची पत्रे आहेत, आणि त्या अडीच मीटरदेखील रुंदी नसलेल्या पट्टीवर एक म्हातारी आणि एक अपंग बाई समोरासमोर आल्या तेव्हा ती वाट कुणाची, हेच कुणी लिहून ठेवले नव्हते.

मी या प्रकरणाचा बराच विचार केला. माझे वय त्या आजींच्या जवळपासचे. रस्त्यावर सायकल काढायची मला भीती वाटते, म्हणून त्या पदपथावर का आल्या ते समजते. पण गुडघेदुखीने मी आता हळू चालतो, आणि मागून चाक आले की छातीत धस्स होते, म्हणून दुसऱ्या बाई का ओरडल्या तेही समजते. दोघींना एकमेकींची भीती वाटली, पण ज्या वाहनांच्या रस्त्यामुळे दोघी त्या पट्टीवर कोंबल्या गेल्या, त्या रस्त्यावर खटला भरता येत नाही.

आपल्याकडे तर पदपथावर सायकल कमीच, मोटारसायकलीच जास्त. मागून हॉर्न वाजवून मलाच बाजूला व्हायला सांगतात! मोटारवाहनांना पदपथावर मनाई असल्याचा नियम आपल्याकडे केव्हापासूनचा आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की चालण्याजोगा पदपथ हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. निकाल वाचून बरे वाटले.

पावती फाडावी का? चालणाऱ्याला धक्का देत, दामटत जाणाऱ्याची जरूर फाडावी, मग तो सायकलवर असो की मोटारसायकलवर. पण जीव मुठीत धरून हळूहळू जाणारे शाळकरी पोर किंवा दूधवाला दिसला, तर पोलिसाने आधी शेजारच्या रस्त्याकडे एकदा बघावे, आणि त्याच्या वहीत त्या रस्त्याचीही नोंद व्हावी, एवढेच मला वाटते. दोनशे वर्षांपूर्वी ड्राइसच्या स्वारांना पदपथावर ढकलले ते चाकोऱ्यांनी, आणि त्यांच्यावर बंदी आली तेव्हाही चाकोऱ्या कुणी बुजवल्याचे वाचनात नाही.

असो. तुमच्या गावात पदपथावर कोण कोण चालते, आणि का, ते एकदा उभे राहून बघा. इतिहासाचा तास तिथेही होतो.