औशाच्या वाड्यातील तलवार कशी वाचावी?

१/ खंडेनवमीला मराठवाड्यातील जुन्या वाड्यांत तलवार पूजेला मांडली जाते. पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘शिवकालीन आहे का?’ हा प्रश्न अपुरा आहे. एकाच तलवारीचे पाते एका शतकातले, मूठ दुसऱ्या प्रांतातली आणि अक्षरे तिसऱ्याच मालकाची असू शकतात. म्हणून प्रत्येक भागाचे वय वेगळे विचारावे लागते.

२/ औशाचा इतिहासच असा मिश्र आहे. बहमनी सत्तेनंतर हा भुईकोट दख्खनच्या सुलतानांकडे गेला आणि १६३६ मध्ये मोगलांनी तो घेतला. १७६० मध्ये उदगीर-औसा परिसरात सदाशिवरावभाऊंच्या सैन्याने निजामाला नमवले. तरी हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानातच राहिला. दख्खनी, मोगल, मराठा आणि हैदराबादी शस्त्रे एकाच वाड्यात सापडली, तर नवल नाही.

३/ आधी आकार पाहा. सरळ, एकधारी आणि लांब पाते म्हणजे धोप. सरळ, भारदस्त आणि टोकाकडे रुंद होत जाणारा तो खांडा. युरोपीय पात्याची, वा त्या घडणीची, ती फिरंग. कोपरापर्यंत हात झाकणारी मूठ असेल, तर तो पट्टा.

४/ आता धातू. दख्खनचे मुशीतले पोलाद जगभर नावाजलेले होते. नांदेडला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यातील कोनसमुद्रम येथे ते तयार होई. १८३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हॉयसी यांच्या वर्णनात ते पोलाद विकत घेण्यासाठी तेथे आलेला इराणी व्यापारी भेटतो. अशा पात्यावरच्या लहरींना जौहर म्हणतात. खऱ्या लहरी धातूच्या अंगातच असतात. आम्लाने कोरलेली नकली नक्षी केवळ पृष्ठभागावर असते.

५/ ठसा दिसला की घाई करू नका. जर्मनीतील सोलिंगेनचा धावता लांडगा, इटलीतील जिनोव्हाच्या विळ्यासारख्या कमानी, या खुणांची इतरत्र भरपूर नक्कल झाली. परदेशी पात्याला मान होता, म्हणून देशी लोहारही तशा खुणा उठवत. ठशाला पात्याच्या घडणीचीही साक्ष हवी.

६/ मूठ सर्वांत फसवी. आपल्याकडील अनेक तलवारींत पात्याचा आखूड शेपटा मुठीत लाखेने बसवलेला असतो. लाख तापवली की मूठ निघते आणि नवी बसते. जावा बेटावरील क्रिसमध्येही पाते पिढ्यान्पिढ्या टिकते; मूठ आणि म्यान मात्र बदलत जातात.

७/ याचे ताजे उदाहरण नागपूरकर भोसल्यांचे. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने राघोजी भोसले यांची तलवार सुमारे ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली. पाते युरोपीय, मूठ सोन्याच्या नक्षीची. पात्याच्या पाठीवर देवनागरीत मालकाचे नाव, ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब आणि ‘फिरंग’ हा शब्द आहे. शस्त्राचा प्रकार मालकानेच लिहून ठेवला! ही अक्षरे घासली गेली असती, तर ती एक अनामिक तलवार उरली असती.

८/ नेमके हेच गावोगाव घडते. दसऱ्याआधी तलवार चिंच-राखेने किंवा सँडपेपरने चकचकीत केली जाते. त्यात सोन्याचा मुलामा, बारीक अक्षरे, जौहर, सारेच झिजते. धूळ मऊ कापडाने पुसून तेलाचा पातळ हात द्यावा, एवढे पुरे.

९/ संग्रह करणाऱ्यांनी कायदाही जाणावा. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार १०० वर्षांहून जुनी तलवार पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खाजगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ याचे नियम वेगळे पाहावेत.

१०/ मोठे नुकसान मात्र शांतपणे होते. वाड्यातून भंगाराच्या भावात विकलेली तलवार पुढे कुणाच्या तरी काचपेटीत ‘शिवकालीन’ अशी चिठ्ठी लावून बसते आणि औशाचे नाव कायमचे गळून पडते. पाते, मूठ आणि अक्षरे यांची वेगवेगळी छायाचित्रे काढा. लांबी-रुंदी मोजा. ती कोणाकडून, कोणत्या गावातून आली, हे घरातील वृद्धांकडून तारखेसह लिहून घ्या. पोलाद आणखी शतकभर टिकेल. ही आठवण तेवढी टिकणार नाही.