शेवट माहीत असताना: प्रीक्वेल मूळ मालिकेच्या तोडीची होऊ शकते का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा मजकूर. आधीच सांगून ठेवतो, आज स्पॉयलर आहेत आणि भरपूर आहेत. 'ब्रेकिंग बॅड' आणि 'बेटर कॉल सॉल' बघायच्या राहिल्या असतील तर इथेच थांबा, आधी बघून या. तसं म्हटलं तर आजचा विषयच हा आहे की शेवट आधी कळला तर गोष्टीचं नेमकं काय बिघडतं.

सिक्वेल म्हणजे पुढची गोष्ट आणि प्रीक्वेल म्हणजे आधीची. एखादी मालिका गाजली की चॅनेलला ती सोडवत नाही. पण हिरो मेलेला असतो, किंवा गोष्ट पुढे न्यायला जागाच उरलेली नसते. मग घड्याळाचे काटे उलटे फिरवायचे. नवीन मालिकेची घोषणा झाली की आपण सगळे तेच विचारतो, "मूळच्या इतकी भारी होईल का रे?" बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असतं. आज बघूया की 'नाही' का असतं, आणि जिथे ते 'हो' झालं तिथे काय वेगळं घडलं.

अडचण कुठे आहे?

पहिली अडचण उघड आहे. कोण जगणार आणि कोण मरणार, हे आपल्याला आधीच माहीत असतं. मूळ मालिकेत जो माणूस म्हातारा होऊन फिरताना दिसला, त्याच्यावर प्रीक्वेलमध्ये कितीही पिस्तुलं रोखा, आपण निवांत चहा पीत बसतो.

दुसरी अडचण अशी की मूळ मालिकेत कोणीतरी सहज बोलून गेलेलं वाक्यसुद्धा आता कायदा होऊन बसतं. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे हे दुखणं मला चांगलं माहीत आहे. आधीच्या टीमने दहा वर्षांपूर्वी घाईत काहीतरी लिहून ठेवलेलं असतं, लाखो लोक ते वापरत असतात, आणि आता त्याला धक्का न लावता तुम्हाला नवीन काम करायचं असतं.

तिसरी अडचण निव्वळ शरीराची. गोष्ट मागे जाते, पण नटांचं वय पुढेच जातं. 'ब्रेकिंग बॅड'मध्ये सॉल पहिल्यांदा दिसला तेव्हा बॉब ओडेनकर्क ४६ वर्षांचा होता. त्या सॉलच्या सहा-सात वर्षं आधीचा माणूस त्याने साकारायला घेतला, तेव्हा तो ५२ वर्षांचा झाला होता!

जुन्याला जपता जपता: २००१ चं 'एंटरप्राइज'

'स्टार ट्रेक'ची मूळ मालिका १९६६ ते १९६९ या काळातली. २००१ मध्ये 'एंटरप्राइज' आली आणि तिची गोष्ट कॅप्टन कर्कच्या साधारण शंभर वर्षं आधीची होती. आता गंमत बघा. १९६६ च्या सेटवर रंगीत दिवे आणि जाडजूड बटणं होती. २००१ च्या सेटवर फ्लॅट स्क्रीन. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचं यान जास्त नवं दिसायला लागलं.

त्यात भर म्हणजे आधीच्या मालिकांनी ठरवून टाकलं होतं की अमुक परग्रहवासी माणसांना अमुक काळातच पहिल्यांदा भेटले. पण प्रेक्षकांना तर तेच ओळखीचे परग्रहवासी हवे होते. मग फेरेंगी आले ते स्वतःचं नाव न सांगता. बोर्ग आले, तेही नाव न घेता. क्लिंगॉनांची तऱ्हा तर याहून भारी. साठच्या दशकात मेकअपसाठी पैसे आणि वेळ कमी होता, म्हणून त्यांची कपाळं साधी होती. पुढच्या चित्रपटांत आणि मालिकांत त्यांना उंचवटे फुटले. 'एंटरप्राइज'च्या चौथ्या सीझनमध्ये, २००५ साली, यावर दोन एपिसोड खर्च झाले. कारण काय दिलं, तर जनुकांच्या प्रयोगातून सुटलेला विषाणू!

फॅन म्हणून हे बघायला मजा येते. पण यातून प्रश्न सुटतो तो विकिपीडियाच्या पानाचा, माणसांचा नाही. चार सीझन आणि ९८ एपिसोडनंतर मालिका बंद झाली. शेवटचा एपिसोड १३ मे २००५ चा, आणि तो या यानावरच्या लोकांचा राहिलाच नाही. १९८७ मध्ये सुरू झालेल्या मालिकेतला रायकर कितीतरी वर्षांनंतरच्या काळात बसून या लोकांची गोष्ट सिम्युलेशनमध्ये बघतोय, अशी त्याची मांडणी होती. चार वर्षं ज्यांच्यासोबत घालवली ते लोक स्वतःच्याच निरोप समारंभात पाहुणे झाले. चाहते भडकले, आणि ते साहजिक होतं.

शेल्डनचा बाप

याच्या उलट टोकाला 'यंग शेल्डन' आहे. 'द बिग बँग थिअरी'त मोठा शेल्डन वडिलांबद्दल बोलतो ते बहुतेक तक्रारीच्या सुरात. दारू प्यायचे, आणि एकदा १३ व्या वर्षी मी त्यांना दुसऱ्या बाईसोबत बघितलं, म्हणून मी कुठल्याही दारावर तीनदा ठोठावतो. शेल्डन १४ वर्षांचा असताना ते वारले, हेही तिथेच कळलेलं असतं.

२०१७ मध्ये प्रीक्वेल सुरू झाली आणि जॉर्ज कूपर पडद्यावर प्रत्यक्ष दिसला. थकलेला, जाडसर, घरासाठी राबणारा, पोरांवर जीव असलेला साधा कोच. तो इतका आवडला की 'दुसऱ्या बाई'चं काय करायचं हा पेच पडला. शेवटच्या सीझनमध्ये त्यांनी पळवाट काढली: ती बाई म्हणजे विग घातलेली शेल्डनची आईच होती! मला ही थोडी लबाडी वाटते. पण वडिलांचा मृत्यू त्यांनी टाळला नाही. २०२४ मध्ये, मालिका संपता संपता, तो आलाच. सात सीझन आपण त्या माणसासोबत हसत होतो आणि मनात कुठेतरी तारीख मोजत होतो. मूळ मालिकेतल्या एका विनोदी वाक्यामागे एक अख्खा माणूस होता, ही जाणीव फक्त प्रीक्वेलच देऊ शकते. नेमका हाच धागा एका मालिकेने शेवटपर्यंत नेला.

सॉल: दोन फालतू नावांपासून

'ब्रेकिंग बॅड' २००८ ते २०१३, ६२ एपिसोड. दुसऱ्या सीझनच्या आठव्या एपिसोडमध्ये, २००९ साली, सॉल गुडमन नावाचा भडक कपड्यांतला वकील येतो. वॉल्ट आणि जेसी तोंडं झाकून त्याला वाळवंटात नेतात. जिवाच्या भीतीने तो दोन नावं बरळतो: इग्नासिओ आणि लालो. पुढे त्या नावांचा काहीही संबंध येत नाही. लिहिणाऱ्यांनाही तेव्हा माहीत नव्हतं की हे दोघे कोण.

'बेटर कॉल सॉल' २०१५ मध्ये सुरू झाली. ज्याने तो २००९ चा एपिसोड लिहिला होता तो पीटर गूल्ड, आणि सोबत मूळ मालिकेचा कर्ता व्हिन्स गिलिगन. त्या दोन फालतू नावांतून त्यांनी दोन जिवंत माणसं उभी केली. इग्नासिओ म्हणजे बापासाठी जीव टाकणारा नाचो, आणि लालो म्हणजे हसत हसत अंगावर काटा आणणारा लालो सालामांका. 'एंटरप्राइज'ने विसंगती झाकण्यासाठी गोष्ट लिहिली. इथे विसंगती हेच बियाणं झालं.

पण खरी ताकद वेगळीकडे आहे. मालिकेच्या सुरुवातीला सॉल हा सॉल नसतोच, तो असतो जिमी मॅकगिल. ऑफिसच्या टपाल विभागात काम करता करता त्याने अमेरिकन सामोआच्या विद्यापीठातून पत्राद्वारे वकिली पूर्ण केलेली असते. मोठा भाऊ चक नामांकित वकील. जिमीला भावाच्या फर्ममध्ये घेत नाहीत, आणि पहिल्या सीझनच्या अखेरीस कळतं की अडवणारा दुसरा कोणी नसून भाऊच होता. डिस्टन्स एज्युकेशनची डिग्री घेऊन ज्याने कधी इंटरव्ह्यू दिला असेल, त्याला तो सीन वेगळं समजवावा लागणार नाही.

लेखकांचा आधी बेत होता की जिमीचा सॉल लवकर करून टाकायचा. पण जिमी त्यांनाच आवडायला लागला आणि तो बदल लांबत गेला. वकील म्हणून तो 'सॉल' हे नाव घेतो ते थेट चौथ्या सीझनच्या शेवटी, २०१८ मध्ये. म्हणजे चार वर्षं आपण पडद्याकडे बघून मनात म्हणतोय, "नको रे, अजून वेळ आहे." आणि आपल्याला पक्कं माहीत आहे की वेळ नाहीये.

इथे किम वेक्सलरची युक्ती कळते. किम 'ब्रेकिंग बॅड'मध्ये कुठेच नाही. ही इतकी जवळची बाई पुढे दिसत का नाही? मेली? सोडून गेली? जिमीचा शेवट माहीत होता, म्हणून सगळी धाकधूक किमवर आली. चांगल्या प्रीक्वेलला असं एक तरी माणूस लागतं ज्याचं भविष्य मूळ मालिकेने लिहून ठेवलेलं नाही.

आणि शेवट. १५ ऑगस्ट २०२२, एपिसोड ६३ वा. पकडला गेलेला सॉल वाटाघाटी करून आपली शिक्षा जेमतेम सात वर्षांवर आणतो. मग कोर्टात, किमच्या समोर, सगळं स्वतःहून कबूल करतो आणि आपलं खरं नाव परत घेतो. शिक्षा होते ८६ वर्षांची. हा माणूस असा का झाला हे मालिकेने ६२ एपिसोड सांगितलं, आणि ६३ व्यात त्याच्याकडूनच वदवून घेतलं की कारणं असली तरी जबाबदारी माझीच आहे.

पुरस्कारांचा हिशेब सांगायचा तर 'ब्रेकिंग बॅड'ला १६ एमी. 'बेटर कॉल सॉल' या मुख्य मालिकेला ५३ नामांकनं, आणि एमी शून्य. तोडीची होती की नाही हे या आकड्यांवरून ठरवायचं असेल तर विषय संपला. मी तरी तसं ठरवणार नाही.

आणि आपले अण्णा नाईक

आता कोकणात या. 'रात्रीस खेळ चाले' झी मराठीवर २०१६ मध्ये आली. सावंतवाडीजवळचं आकेरी, नाईकांचा वाडा, आणि गोष्ट सुरू होते ती अण्णांच्या मृत्यूने. जानेवारी २०१९ मध्ये दुसरा भाग आला, आणि तो चक्क प्रीक्वेल होता. ज्याच्या मरणापासून पहिली गोष्ट सुरू झाली होती तो अण्णा आता जिवंत, मध्यभागी. माधव अभ्यंकरांचे अण्णा, अपूर्वा नेमळेकरची शेवंता. पुढे काय झालं हे तुमच्या फोनच्या गॅलरीला विचारा, मीम्स अजून सापडतील! लोकांच्या तोंडी पहिल्या भागातून पांडूचं "इसारलंय" राहिलं होतं, दुसऱ्यानंतर अण्णा आणि शेवंता. तिसऱ्या भागात तर दोघं भुतं होऊन परत आले. आपल्याकडची प्रीक्वेल मूळ मालिकेपेक्षा मोठी झाली, हे कुणी फारसं मोठ्याने म्हणत नाही.

पण माझी एक तक्रार आहे. अण्णा हा माणूस घरच्यांना दहशतीत ठेवणारा, बाईच्या नादी लागलेला, आणि माईंचं आयुष्य त्यात जळालेलं. तो समोर जिवंत आला, अभ्यंकरांनी त्याला रुबाब दिला, आणि बघता बघता तो आपला लाडका झाला. माईंचे मीम्स किती झाले? खलनायकाच्या आधीच्या गोष्टीत हा धोका कायम असतो. आपण त्याला समजून घ्यायला जातो आणि त्याचं वकीलपत्र घेऊन परत येतो. रोजच्या मालिकेला तर हा मोह टाळणं आणखी अवघड, कारण जो गाजतो त्याच्याकडे उद्याचा एपिसोड वळतो.

मग, होऊ शकते का?

होऊ शकते. शेवट माहीत असणं ही अडचण आपल्याला तरी नवीन नाही. आकेरीच्याच मुलखात रात्रभर दशावतार बघायला लोक बसतात, राक्षस मरणार हे पोरासोरांना ठाऊक असतं, तरी पहाटेपर्यंत कोणी उठत नाही. 'मृत्युंजय' १९६७ पासून वाचली जातेय, आणि कर्णाचं काय होणार हे कळावं म्हणून ती कोणीच वाचत नाही.

मूळ मालिका विचारते, "पुढे काय होणार?" प्रीक्वेलने तोच प्रश्न विचारला तर ती हरणारच, कारण उत्तर आधीच छापून आलंय. तिने विचारायचा प्रश्न वेगळा: "हे टळलं असतं का? कुठे? आणि कोणामुळे टळलं नाही?" 'एंटरप्राइज' बराच काळ जुन्या मालिकांचे हिशेब जुळवत राहिली. 'बेटर कॉल सॉल'ने हा प्रश्न विचारला, आणि माणूस समजला म्हणून त्याला माफ करून टाकलं नाही.

आपणही आसपासच्या लोकांना बहुतेक त्यांच्या शेवटच्या सीझनपासूनच ओळखतो. चिडका बॉस, न बोलणारे काका, सोसायटीतला तो भांडखोर माणूस. त्यांचे आधीचे सीझन आपण बघितलेले नसतात. ते बघायला मिळाले म्हणून त्यांचं वागणं बरोबर ठरत नाही. पण 'हा मूळचाच असा' हे वाक्य मग तेवढ्या सहज तोंडातून निघत नाही.

तुमच्या मते मूळ मालिकेला भारी पडलेली प्रीक्वेल कुठली? आणि अण्णांबद्दलची माझी तक्रार पटली नसेल तर तेही बिनधास्त कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत, काळजी घ्या!