माफीचा साक्षीदार : लाल किल्ल्यातील एक कथन

‘माफीचा साक्षीदार’ हा शब्दप्रयोग मराठीत इतका रुळला आहे की त्यातील विसंगती आपल्याला जाणवेनाशी झाली आहे. साक्षी म्हणजे अलिप्तपणे पाहणारा. येथे मात्र घटनेत सामील असलेलाच साक्षी होतो आणि त्याला माफी मिळते ती पश्चात्तापासाठी नव्हे, तर कथनासाठी. ते कथन संपूर्ण आणि खरे असावे, ही कायद्याची अट. या अटीत काय दडले आहे, हे गांधीहत्या खटल्यात स्पष्ट दिसते.

पुण्याचे शस्त्रविक्रेते दिगंबर बडगे हे या खटल्यातील एक आरोपी. २० जानेवारी १९४८ रोजी बिर्ला हाउसमध्ये हत्येचा प्रयत्न फसला, त्या वेळी ते तेथे हजर होते. जून १९४८ मध्ये त्यांना माफी मिळाली आणि लाल किल्ल्यातील विशेष न्यायालयात ते सरकारपक्षाचे प्रमुख साक्षीदार ठरले.

१० फेब्रुवारी १९४९ रोजी न्यायाधीश आत्माचरण यांनी निकाल दिला : नथुराम गोडसे व नारायण आपटे यांना फाशी, पाच जणांना जन्मठेप, सावरकर निर्दोष. बडगे सरळपणे बोलले, असे न्यायालयाचे मत होते. तरीही सावरकरांविरुद्ध त्यांच्या कथनाला पुरेसा स्वतंत्र दुजोरा नसल्याने केवळ त्यावर विसंबणे न्यायालयाला धोक्याचे वाटले. साक्षीदार एकच, कथनही एकच. पण प्रत्येक आरोपीपुरते ते वेगळे तपासले गेले.

या सावधगिरीचे मूळ १८७२ च्या पुरावा कायद्यात आहे. त्याचे कलम १३३ सांगत होते की साथीदाराच्या दुजोऱ्याविना साक्षीवर आधारलेली शिक्षा तेवढ्यामुळे बेकायदा ठरत नाही; तर कलम ११४ चे एक उदाहरण सांगत होते की दुजोरा नसेल तर साथीदार विश्वासास अपात्र मानता येईल. एक कलम दार उघडते, दुसरे उंबरठ्यावर थांबवते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३८ मध्ये तर ‘दुजोरा मिळालेली साक्ष’ असाच उल्लेख आला आहे.

पण आम्हांस या खटल्यात सर्वाधिक अस्वस्थ करते ती शंकर किस्तय्या यांची हकीकत. ते बडगे यांचे नोकर. मालकाबरोबर ते दिल्लीला गेले. मालक माफी मिळवून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात गेला. नोकर आरोपीच्या पिंजऱ्यात राहिला आणि त्याला जन्मठेप झाली. त्याची शिक्षा कमी करावी, अशी शिफारस खुद्द आत्माचरण यांनी केली होती. पुढे जून १९४९ मध्ये पंजाब उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवून मुक्त केले.

माफी मिळण्यासाठी सांगण्यासारखे काही जवळ असावे लागते. ज्याला कटाची सर्वाधिक माहिती, त्याच्या कथनाला सरकारदरबारी सर्वाधिक मोल. ज्याने केवळ हुकूम पाळला, त्याच्याजवळ देण्यासारखे काहीच नसते. दुजोऱ्याचा नियम खोट्या कथनापासून आरोपीचे रक्षण करतो, परंतु ही विषमता तो दूर करू शकत नाही.

साहित्याच्या वर्गात आपण निवेदकाच्या विश्वासार्हतेची चर्चा करतो. ज्याचे प्राण कथनावर अवलंबून आहेत, असा निवेदक न्यायालयाला नेहमीच भेटतो. तेथे त्याला ऐकावे लागते, पारखावे लागते. आणि त्याच्या कथेत ज्याला बोलायला वाव मिळाला नाही, त्याचीही आठवण ठेवावी लागते.